ताण तोच, तार तीच

मुग्धाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी कणीक मळत होते. पिठाचे हात तसेच ठेवून मनगटानं फोन उचलला. "मोठी आई, बाबा गेले," ती म्हणाली. मागून नुसता पाण्याचा बारीक खळखळाट आणि त्यात तडतड असा आवाज. मला वाटलं, तिच्याकडे कुठंतरी फोडणी जळते आहे. मग ती म्हणाली, "मशीन अजून चालूच आहे. मला बंद करता येत नाही. तू ये."

शनवाऱ्यातल्या माझ्या घरून लोधीपुऱ्यात त्यांच्याकडे रिक्षानं जायला पंधरा मिनिटं लागतात. मी पोचले तेव्हा शेजारपाजारची सात-आठ माणसं कामाच्या शेडच्या दारात उभी होती, पण आत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. सुधाकरभाऊजी मशीनसमोरच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. मान जराशी डावीकडे कललेली, कान मशीनकडे. कुणीही म्हटलं असतं, माणूस लक्ष देऊन ऐकतो आहे. समोर पाण्याच्या धारेखाली निळ्या ठिणग्या उडत होत्या, केसाएवढी पितळी तार वरून खाली सरकत होती आणि पोलादाची एक जाड पाटी अगदी सावकाश, न थकता कापली जात होती. त्यांनी सकाळी लावलेलं काम होतं ते. लावणारा गेला होता आणि काम पुढं चाललं होतं. मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. ठिणग्या विझल्या, पाणी थांबलं. तारेला लावलेलं वजन मात्र कितीतरी वेळ हलत राहिलं आणि ते थांबेपर्यंत आमच्यापैकी कुणी रडलंसुद्धा नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे होतील. सुधाकरभाऊजी, मुग्धाचे वडील, माझे धाकटे दीर. मी इथल्या एका शाळेत चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यांनी दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण माझ्याशी भौतिकशास्त्रावर खऱ्या अर्थानं कुणी भांडलं असेल तर तो हाच माणूस. त्यांच्याबद्दल गावात दोन मतं होती. निम्म्यांना ते वेडे वाटत, निम्म्यांना त्यांची जरा भीती वाटे. काय घडलं ते सगळं जवळून पाहिलेल्या आता मी आणि मुग्धा अशा दोघीच उरलो, म्हणून हे लिहायला बसले.

भाऊजी पॉवरलूमचे मिस्त्री होते. आमच्याकडे गल्लीगल्लीत लूम. दिवसभर तो खडखडाट कानावर असतो, आणि तो बंद झाला की लोक घराबाहेर येऊन विचारतात, काय झालं? बिघडलेला लूम नीट करणं हे भाऊजींचं काम, पण त्यांचा जीव होता सुटे भाग बनवण्यात. बाजार खुला झाला, बाहेरचं स्वस्त कापड यायला लागलं, तेव्हा इथले लूमवाले जुन्याच यंत्रांवर कसेबसे तग धरून होते. त्या जुन्या यंत्रांचे भाग कुणी बनवेना. कडक पोलादातला एखादा बारीक दात्यांचा तुकडा कापून आणायचा तर इंदूरला पाठवावा लागे आणि तोवर लूम आठ-आठ दिवस मुका. इंदूरला तो तुकडा ज्या मशीनवर कापत, त्याला वायरकट म्हणतात. भाऊजी एकदा तिथं जाऊन दोन तास नुसते बघत उभे राहिले आणि परत येऊन मला म्हणाले, "वहिनी, हे तर आपण घरीच बनवू. त्यात आहे काय? एक तार, पानी आणि करंट."

त्यात काय आहे ते कळायला त्यांना दोन वर्षं लागली. ही तार लोखंडाला कधीच टेकत नाही. केसाएवढं अंतर ठेवून ती चालते आणि त्या अंतरातून ठिणग्या उडून लोखंड कणाकणानं खातात. तारही झिजते, म्हणून ती सतत पुढं सरकत ठेवायची, एका रिळावरून सुटून दुसऱ्या रिळावर. आणि या सगळ्या धावपळीत तिचा ताण मात्र तसूभर बदलता कामा नये. सैल पडली की मधे तिला पोट येतं आणि काप वाकडा जातो. जास्त ओढली की तुटते. भाऊजींची तार तुटायची. त्यांनी रिळाच्या बाजूला नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा दाबून ब्रेक केला होता. भरलेलं रीळ असताना सगळं ठीक, पण रीळ निम्मं रिकामं झालं की टच्‌कन आवाज यायचा आणि तासाभराचं काम वाया. मी त्यांना वहीवर काढून दाखवलं, की ब्रेकचा जोर तोच राहतो, पण रिळाचा घेर कमी होतो, म्हणून तारेवरचा ताण वाढतो. ते वहीकडं न बघता म्हणाले, "लूमवरच्या सुताच्या बीमचं पण असंच असतं. सूत संपत आलं की वजन कमी करावं लागतं." मग तिसऱ्या दिवशी त्यांनी तारेचा एक झोका खाली सोडून त्यात कप्पी अडकवली, कप्पीला दोन किलोचं वजन टांगलं. ताण वाढला की कप्पी वर उचलली जाते आणि ब्रेक आपोआप ढिला होतो, ताण कमी झाला की कप्पी खाली येते आणि ब्रेक आवळतो. दोन बाजूंनी तार, म्हणून ताण बरोबर एक किलोचा. मला हे पुस्तकातून येत होतं. त्यांच्या हाताला ते आधीच ठाऊक होतं.

पण ताण खरंच तेवढाच आहे हे कळणार कसं? तेव्हा मी एका रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेतला सोनोमीटर त्यांना दाखवला. लाकडी खोक्यावर ताणलेली तार, तिला वजनं लावायची, छेडायची आणि एकाच ठरावीक सुरात वाजणाऱ्या नादकाट्याशी सूर जुळतो का ते ऐकायचं. तारेची लांबी तीच, जाडी तीच, तर सूर फक्त ताणावर ठरतो. भाऊजी ते ऐकून लहान मुलासारखे हसले. "म्हणजे तार आपणच सांगते?" म्हणाले. त्यांच्या मशीनवर वरच्या आणि खालच्या आधारात बरोबर तीस सेंटिमीटर तार उघडी होती. मशीन थांबवून ती बोटानं छेडली तर तिचा सूर पेटीच्या पांढरी एक या पट्टीच्या अगदी जवळ येत होता.

पेटी म्हणजे नलूची हार्मोनियमची पेटी. नलू भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ. गल्लीतल्या मुलींना भजनं शिकवायची. ती जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आजारात तिचा आवाज महिन्यामहिन्यानं उतरत गेला होता. काळी दोनवर गाणारी बाई शेवटी पांढरी एकवर आली, मग तेही जमेना. शेवटच्या दिवसांत ती भाऊजींना सांगायची, "अजून जरा खाली घ्या हो पेटी," आणि ते एकेक पट्टी खाली सरकत जायचे. ही पेटी त्यांनी घरातून शेडमध्ये आणून मशीनशेजारी ठेवली. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी पांढरी एक दाबायची, तार छेडायची, जुळली की मशीन चालू. पहिल्यांदा एक अख्खा दातेरी तुकडा तार न तुटता कापून निघाला तेव्हा ते तो ओल्या हातात घेऊन चालत आमच्या घरी आले होते. दारातच म्हणाले, "वहिनी, नलूनं धरून ठेवली आज तार." मी हसले. आज वाटतं, तेव्हाच जरा थबकायला हवं होतं.

वर्षभर मशीन छान चाललं. मग दिवाळी होऊन गेल्यावर, एका दुपारी ते शाळेत आले. मधली सुट्टी होती. स्टाफरूमच्या दाराशी उभे राहून हळूच म्हणाले, "वहिनी, सूर उतरून राहिला."

"ताण कमी झाला असेल. वजन बघा."

"दो बार तोलून आलो. धान्यवाल्याच्या काट्यावर. दोन किलो म्हणजे दोन किलो."

"मग तार बदला."

"नवीन रीळ लावलं. तरी उतरतो. रोज नाही उतरत... पण आठवड्याला बराबर उतरतो."

पेटीच बिघडली असेल, असं मला वाटलं. मी त्यांच्याबरोबर नादकाटा पाठवला. पेटी त्याच्याशी तंतोतंत जुळली. चार दिवसांनी मुग्धाचा फोन आला. ती तेव्हा नेपानगरला एका ऑफिसात नोकरीला लागली होती, रोज ये-जा करायची. "मोठी आई, तू त्यांना आणखी काय काय देते आहेस? कामाचे लोक परत चाललेत. हे नुसते मशीनच्या टेबलाला कान लावून बसतात. काल म्हणाले, तुझी आई सूर खाली घेते आहे, मलाही खाली घ्यावा लागेल. मी त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेले. डिसेंबरातली स्वच्छ सकाळ, ऊन कोवळं, सगळ्या गल्लीत लूमचा खडखडाट. भाऊजींची शेड म्हणजे एका लांबट इमारतीचा पुढचा तुकडा. मागच्या तुकड्यात एका मालकाचे आठ लूम होते, मधे अर्धी भिंत, फरशी मात्र सलग एकच. भाऊजींनी खुर्चीकडं बोट केलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्यांनी मागच्या लूमवाल्या बायकांना हाक मारून दोन मिनिटं लूम थांबवायला सांगितले, आणि त्या शांततेत पेटीची पांढरी एक दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं तार छेडली.

चौतीस वर्षांत मी हा प्रयोग शेकडो वेळा केला असेल. दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, की ऐकताना आवाज हेलकावतो. वाँव... वाँव... वाँव. पुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात. एका सेकंदात तीन हेलकावे. मला सगळं माहीत होतं, तरी त्या शेडमध्ये ते ऐकताना अंगावर काटा आला, कारण ते नलूच्या शेवटच्या दिवसांतल्या श्वासासारखं वाटत होतं. भाऊजी माझ्याकडे बघत होते. "ऐकलं?" म्हणाले. "खाली बोलावते."

"भाऊजी, असं काही नसतं," मी म्हटलं. पण आवाज माझाच मला परका वाटला.

"हात लावून बघा इथं." त्यांनी मशीनमागच्या कोपऱ्यात फरशीकडे बोट केलं. मी वाकले. फरशी आणि भिंत जिथं मिळतात तिथं एक बारीक फट होती, आधी कधी पाहिली नव्हती. तिच्यावर तळहात ठेवला. फटीतून गार हवा येत होती. नुसती गार नव्हे... ओली. थोडा वेळ येई, मग थांबे, मग पुन्हा येई. त्या हवेला जुन्या, बंद पाण्याचा वास होता. मी हात झटकन मागं घेतला.

माणूस घाबरला की त्याला जे येतं ते तो करतो. मी पर्समधून गुंडाळीची मोजपट्टी काढली. कसली भीती वाटते आहे ते कळत नव्हतं, पण मोजता येत होतं. वरच्या आधारापासून खालच्या आधारापर्यंत तारेची लांबी मोजली. भाऊजींनी मशीन उभं करताना ती तीस सेंटिमीटर ठेवली होती, त्यांच्याच अक्षरात भिंतीवर खडूनं लिहिलेली. आता ती तीस सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर होती. पुन्हा मोजली. तेवढीच.

"भाऊजी," मी म्हटलं, "ताण तोच आहे, तार तीच आहे. मग सूर उतरायला एकच कारण उरतं. तार लांब झाली. तुमचा वरचा आधार कुठं बसवला आहे?"

"भिंतीत."

"आणि खालचं टेबल?"

त्यांनी पायाखाली बघितलं. नीट ढाचा करायला लोखंड नव्हतं म्हणून त्यांनी मशीनचा वरचा भाग भिंतीत आणि खालचा भाग फरशीवर बसवला होता. कारखान्यात बनलेल्या मशीनमध्ये असं कुणी कधी करणार नाही. भिंत जागेवर होती. फरशी खाली चालली होती.

मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं वाटेल. पण त्यांनी तारेकडे बघत अगदी लहान आवाजात विचारलं, "म्हणजे... ती नाही?"

त्यांचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. बायको दुसऱ्यांदा गेल्यावर माणसाचा जसा होईल, तसा.

मग ते एकदम उठले. भिंतीपलीकडे लूम पुन्हा सुरू झाले होते आणि प्रत्येक ठोक्याला पाण्याच्या टाकीत बारीक लहरी उठत होत्या. पलीकडे रोज चार बायका काम करत. भाऊजी तडक मालकाकडे गेले, मी मागोमाग. मालकानं ऐकून घेतलं आणि हसला. "सुधाकरभाऊ, सगळ्या गावाला ठाऊक आहे तुम्ही दिवसभर काय ऐकत बसता. तुमची तार आता ज्योतिष पण सांगायला लागली काय? लूम बंद ठेवून मी खाऊ काय?" त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

भाऊजींनी वाद घातला नाही. परत येऊन त्यांनी चारही बायकांना आत बोलावलं. कौसल्याबाई त्यांत सगळ्यांत जुनी, पंचवीस वर्षं लूमवर. भाऊजींनी तिला तो सूर ऐकवला, मोजपट्टी दाखवली, फट दाखवली. ती सुराकडं फारसं लक्ष देत नव्हती. तिनं फटीवर हात ठेवला, मग उकिडवी बसून फरशीवर बोटं टेकवली, जशी लूमवर ताणलेल्या सुतावर टेकवतात तशी, आणि डोळे मिटले. लूम चालू होते. मिनिटभरानं उठली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ, सूत ढिलं पडलं की मला बघावं नाही लागत. हाताला कळते. ही जमीन ढिली पडली." मग इतर तिघींकडे वळून म्हणाली, "चला गं. डबे उचला." चौघी एका रांगेत बाहेर पडल्या. मालक दारात ओरडत होता, त्या त्याच्या बाजूनं निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ती फरशी गेली.

मुग्धानं त्या दिवशी रजा घेतली होती, वडिलांना डॉक्टरकडे न्यायला. मी त्यांना घ्यायला आले होते. आम्ही तिघं शेडच्या बाहेर उभे. भाऊजी म्हणाले, "एक मिनिट, पेटी घेऊन येतो," आणि उंबरठ्यावर पाय ठेवला. मुग्धानं मागून त्यांचा शर्ट धरला. का धरला, ते तिला आजही सांगता येत नाही. तिला कशाची चाहूल लागली नव्हती, ती फक्त चिडलेली होती, की आता पुन्हा ते आत जाऊन बसतील. तेवढ्यात आतून आवाज आला. धडाम असा नाही. कुणीतरी खूप मोठा घोट घ्यावा तसा. फरशी मधोमध खचली आणि मशीनचं टेबल, पाण्याची टाकी, पलीकडचे पाच लूम, सगळं त्या घोटासरशी आत गेलं. मग धूळ. आणि धुळीत, खालून, खूप खालून, एक सूर आला.

पेटी पाण्यात पडली होती. भाता दबला असेल, पट्ट्या दबल्या असतील, उरलेली हवा सुरांमधून बाहेर पडली असेल. मी हे कितीदा तरी स्वतःला समजावून सांगितलं आहे. एक लांबच लांब सूर, उतरत उतरत जाणारा. गल्लीतल्या पंचवीस माणसांनी तो ऐकला. तो संपला तेव्हा भाऊजी म्हणाले, "झालं. मिळाला तिला सूर." आणि तिथंच जमिनीवर बसले.

खाली जुनी बावडी, पायऱ्यांची विहीर, होती. कुणा काळी दगडी शिळांनी झाकलेली, वर माती, मातीवर घरं. आमच्या गावाखाली पाण्याच्या जुन्या वाटा किती आहेत आणि कुठून कुठं जातात, याचा कुणाकडेच धड नकाशा नाही. माणसं उतरवून बघितलं, तेव्हा बावडीच्या कडेला पायऱ्या आणि पायऱ्यांपुढे आडवी जाणारी एक काळोखी वाट दिसली. तिच्यातूनच ती हवा येत होती. ती वाट पुढं कुठं जाते ते कुणी शोधलं नाही. खड्डा दगडमातीनं भरून टाकला आणि वर सिमेंट ओतलं. मालक एक दिवस भाऊजींकडे आला, त्यांच्या पाया पडायला वाकला. भाऊजींनी त्याला उठवलं आणि फक्त एवढंच विचारलं, "ती वाट कोणत्या दिशेला जाते ते तुम्ही पाहिलं का?"

भाऊजींनी स्वतः ते पाहिलं होतं. त्या दिशेला लोधीपुऱ्यातली सात घरं लागत होती.

भाऊजींनी पुढं दुसरी शेड घेतली, एकसंध लोखंडी ढाच्यावर नवं मशीन बांधलं, चांगलं चाललं ते. पण माणूस बदलला. त्यांनी त्या सातही घरी जाऊन भिंतीत कप्पी लावलेली एक पाटी ठोकली, खाली फरशीत एक खुंटी रोवली, दोघांमध्ये फूटभर तार आणि वरच्या कप्पीवरून लोंबणारं एक किलोचं वजन. आणि दर शनिवारी सकाळी, माझ्याकडून नेलेला नादकाटा खिशात घालून, ते सातही घरं फिरायचे. दारात उभं राहून म्हणायचे, "तार ऐकायला आलो." लोक सुरुवातीला हसले, मग सवय झाली. बायका त्यांना पाहून मिक्सर बंद करत. काटा गुडघ्यावर आपटायचा, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं. "बराबर आहे," म्हणून पुढच्या घरी. चहा घ्यायचे नाहीत. सगळं वहीत लिहायचे. एकोणीस वर्षं एक शनिवार चुकला नाही, आणि एकोणीस वर्षं एकाही घरात सूर हलला नाही.

मुग्धाला याची लाज वाटायची. तिच्या लग्नाच्या बोलण्यात हा विषय निघाला होता, म्हणून तर फार. "आईला शोधत फिरतात," ती मला एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, "नाही गं, ते माणसांसाठी फिरतात." ती म्हणाली, "तुला खात्री आहे?" मला खात्री नव्हती. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिसऱ्या घरी "बराबर आहे" म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी येऊन गेलं. आगगाडी निघून गेल्यावर फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी.

ते गेल्यानंतरचे पाच शनिवार कुणी फिरलं नाही. सहाव्या आठवड्यात मुग्धा वही आणि माझा नादकाटा घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "एकदा जाऊन सगळ्यांना सांगून येऊ, की आता कुणी येणार नाही. तारा काढून टाका म्हणू." पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. ज्या घराबद्दल मी आता लिहिणार आहे, तिथली पाचही माणसं सुखरूप आहेत, चांदनी गावात नातेवाइकांकडे राहताहेत. घराची मागची खोली चार दिवसांनी खचली, तेव्हा आत फक्त एक पलंग होता.

पण त्या सकाळी आम्हाला हे काही माहीत नव्हतं. पहिल्या चार घरी आम्ही सांगितलं, लोक हळहळले. एका आजोबांनी तार काढू दिली नाही. पाचव्या घरी एक सून एकटी होती, सहा महिन्यांची पोर मागच्या खोलीत तारेजवळच फरशीवर दुपट्यावर झोपलेली. सून म्हणाली, "ताई, आता आलाच आहात तर ऐकून घ्या ना. त्यांच्यासारखं." मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. तिनं आयुष्यात कधी ती तार छेडली नव्हती. मी पर्समधून नादकाटा काढून तिच्या हातात दिला. तिनं तो गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं, जरा जोरातच, तार छेडली.

वाँव... वाँव...

मला वाटलं, माझेच कान. वय झालं आता. मी काही बोलणार एवढ्यात मुग्धानं हात वर करून मला थांबवलं. तिनं मान डावीकडे कलती केली आणि पुन्हा तार छेडली. खोलीत ऊन होतं, बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. मुग्धा वाकली आणि भिंतीच्या कडेला फरशीवर तळहात टेकवला. तिच्या मनगटावरची लव हळूच उभी राहिलेली मला दिसली, वारा लागल्यासारखी. मग आडवी. मग पुन्हा उभी.

मी तिचा चेहरा बघत होते. तिथं भीती नव्हती, राग तर नव्हताच. तिनं हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. झोपलेल्या पोरीकडे बघत, शांतपणे, तिनं त्या सुनेला सांगितलं, "वहिनी, बाळाला उचला."